सिकलसेलची तपासणी झाली, कार्ड हातात आलं, पुढे काय?

पळसफूल :
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, सध्या नागपूरला शिकवते. आमच्याकडे सिकलसेल (आईवडिलांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार) हा शब्द कुणाला नवा नाही, गावात दोनचार घरं सोडली की एखादं पोर सारखं आजारी, हातपाय दुखतात म्हणून रडणारं, डोळे पिवळे, शाळेत अर्धी हजेरी. जुलै २०२३ मध्ये शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं, चाळीशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे, तेव्हापासून तपासण्यांचा जोर वाढलाय आणि ते चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. माझ्या मावसबहिणीच्या मुलीची कॉलेजच्या शिबिरात तपासणी झाली, एएस पॅटर्न आला, म्हणजे वाहक, सिकलचं एकच जनुक अंगात, स्वतः आजारी नाही. पोरगी ठणठणीत, कबड्डी खेळते. पण घरात सुतक पडल्यासारखं वातावरण आणि आईचं पहिलं वाक्य काय तर "पाहुणे येऊन राहिले, कोणापाशी बोलू नको". कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत सगळ्यात खाली. आणि जो मुलगा बघायला येणार होता त्याची तपासणी झालीय का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच नाही! सगळा हिशोब मुलीचाच.

तर प्रश्न असा, की लग्नाआधी दोघांचीही तपासणी सक्तीची करावी का? "आधी रक्ताची कुंडली जुळवा" असं प्रचारात सांगतात ते ऐकायला छान वाटतं पण आपल्याकडे पत्रिकेचं काय होतं ते आपण बघतोच, मंगळ फक्त मुलीचाच नडतो.

लॅबवाला :
चांगला विषय पळसफूलताई. मी पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ आहे, थोडं तांत्रिक लिहितो म्हणजे पुढच्या चर्चेत घोळ होणार नाही.

शिबिरात जी होते ती बहुतेक वेळा सोल्युबिलिटी टेस्ट. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, द्रावणाच्या नळीत टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि मग नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. झालं. स्वस्त, पटकन, वीज गेली तरी चालते. पण ही टेस्ट एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, वाहक आहे की रुग्ण ते सांगत नाही. ते कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी लॅबमधली तपासणी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही टेस्ट भरवशाची नाही, कारण तेव्हा बाळाचं गर्भातलं (फीटल) हिमोग्लोबिनच जास्त असतं. आणि रक्त फारच कमी असेल तर नळी स्वच्छ दिसून माणूस निसटू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं, थॅलेसेमियाचा (हाही हिमोग्लोबिनचाच आनुवंशिक आजार) वाहक या नळीत सापडतच नाही. एक सिकल वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमिया वाहक असं जोडपं असेल तर मुलाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो, तोही त्रासाचाच. त्यामुळे नुसत्या सोल्युबिलिटी निगेटिव्हवर "मुलगा क्लीन आहे" म्हणून साखरपुडा करणाऱ्यांनी जरा थांबा.

गणित सगळ्यांना माहीत असेल तरी लिहितो. दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता रुग्ण बाळाची, ५० टक्के वाहक, २५ टक्के निरोगी. एक एएस आणि दुसरा एए (म्हणजे वाहकही नाही) असेल तर मूल रुग्ण होतच नाही, निम्मी शक्यता वाहक असण्याची एवढंच. ताईंच्या भाचीला लग्नाला कसलीही आडकाठी नाही, फक्त समोरच्याचा रिपोर्ट हवा.

खमंग_काकडी :
म्हणजे चार मुलांत एक रुग्ण? मग दोघांवर थांबलं की सुटलो ना.

लॅबवाला :
नाही हो, हाच तर गैरसमज. दरवेळी नव्याने नाणं उडवायचंय, पहिल्याला काय आलं ते दुसऱ्याला माहीत नसतं. पहिली दोन्ही मुलं रुग्ण असलेली घरं मी पाहिलीत, आणि पाचही मुलं नीट असलेलीही.

शंकासुर_पुणे :
मला एक कळत नाही, ह्या सगळ्यात लोकांचा जनुकीय डेटा सरकारकडे पोर्टलवर जातो त्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही का? आज सिकलसेल, उद्या कॅन्सरचे जीन्स, परवा विमा कंपनी म्हणेल तुमच्या बाबांचं आणि तुमचं दोघांचं रक्त बघू मग प्रीमियम सांगू. अमेरिकेत निदान २००८ चा कायदा आहे, जनुकीय माहितीवरून नोकरी आणि आरोग्यविम्यात भेदभाव करायचा नाही असा. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने विमा कंपनीला फटकारलं होतं की सरसकट 'जनुकीय आजार' म्हणून क्लेम नाकारणं भेदभाव आहे, पण एका निकालाच्या भरवशावर किती दिवस बसायचं. सक्तीच्या मी पूर्ण विरोधात.

वैनगंगा :
मी आरोग्य खात्यात आहे, गाव विचारू नका.

पुण्यात बसून डेटा डेटा करणं सोपं आहे शंकासुर भाऊ. आमच्याकडं पोरगं तापानं फणफणलं, पोट फुगलं, बाप त्याला पुजाऱ्याकडं घेऊन जाते, तिथून खाजगी डॉक्टरकडं, तो सलाईन लावते, रक्त कमी म्हणून लोहाचं इंजेक्शन देते, आणि आठव्या वर्षी कोणीतरी सांगते का बाप्पा याला तर सिकलसेल आहे. त्या आठ वर्षांत किती वेळा मरतामरता वाचलं ते त्या मायलेच माहीत. तपासणी लवकर झाली तर फोलिक अ‍ॅसिड, पेनिसिलिन, लस, हायड्रॉक्सियुरिया, पाणी किती पाजायचं, थंडीत काय करायचं, कोणत्या लक्षणाला दवाखान्यात पळायचं हे सगळं सांगता येते. तपासणी म्हणजे काही फक्त लग्नासाठी नसते.

पण ताईचं म्हणणं खरं आहे, कार्ड द्याले दोन मिनिटं लागते, समजावाले अर्धा तास, आणि तो अर्धा तास कोणाकडंच नाही. टार्गेट तपासण्यांचं येते. किती लोकांशी बसून बोलले याचा रकानाच मी कोणत्या फॉरमॅटमध्ये ठळक पाहिला नाही. आशा वर्करनं शंभर घरं फिरायची, तिला तरी एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) मधला फरक नीट कोणी शिकवलाय का? गावात एएस म्हटलं का "अर्धा सिकलसेल" म्हणतात. मग अर्धा आजारी समजून पोरीले शेतात पाठवत नाहीत, पोराले पोलीस भरतीचा फॉर्म भरू देत नाहीत. वाहक आजारी नसते हो, हे शंभरदा सांगा.

आणि पोरं. पोरी कॉलेजात सापडतात, गरोदर बाया तर पहिल्याच तपासणीत सापडतात. जवान पोरगा शिबिराले येतच नाही, कामावर असते नाहीतर टपरीवर. म्हणून यादीत वाहक म्हणून नावं बायांचीच जास्त आणि लोकाले वाटते हा बायांचाच आजार.

नंदुरबारी :
+१ वैनगंगाताई. आमच्या सातपुड्यातली गोष्ट आणखी वेगळी. धडगाव अक्कलकुव्याकडे भिल, पावरा समाजात प्रमाण भरपूर आहे पण दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे, सगळे ऊसतोडीला गुजरातेत. शिबिराची तारीख ठरते जानेवारी फेब्रुवारीत कारण मार्चअखेर आकडा दाखवायचा असतो!! मग पाड्यात कोण, म्हातारी माणसं आणि शेळ्या. होळीला सगळे परत येतात, काठी गावच्या होळीला तर अख्खा डोंगर लोटतो, भोंगऱ्या बाजार भरतो, तिथे टेबल मांडा की तपासणीचं. लग्नं पण त्याच्याच पुढेमागे जमतात आमच्यात. पण नाही.

आणि फडावर त्रास जास्त. पहाटेची थंडी, पाणी कमी, अंगमेहनतीचं काम, नेमकं तेच सगळं ज्याने सिकलच्या पेशंटला क्रायसिस (दुखण्याचा झटका) येतो. तिथल्या दवाखान्यात कार्ड दाखवलं तर चालतं की नाही, पेशंटची फाइल इथे आणि पेशंट तिथे. तुमचं ते पोर्टल यासाठी वापरा की, शंकासुर भाऊंना पण बरं वाटेल.

अटलांटाकर :
इकडचा, म्हणजे अमेरिकेतला इतिहास थोडा सांगतो कारण तो या धाग्याला अगदी लागू आहे. या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद शिकागोच्या हेरिक यांनी १९१० मध्ये केली. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, म्हणजे 'रेणूचा आजार' म्हणून ओळखला गेलेला हा पहिलाच. विज्ञानात इतका पुढे असलेला आजार, आणि समाजात काय झालं बघा. सत्तरच्या दशकात इथल्या काही राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या तपासणीची सक्ती केली, समुपदेशन शून्य, वाहक आणि रुग्ण यात गोंधळ, लोकांना नोकरीत आणि विम्यात फटके बसले. एअर फोर्स अकॅडमी तर वाहकांना प्रवेशच देत नव्हती, ते १९८१ मध्ये थांबलं. १९७२ च्या राष्ट्रीय कायद्यात मग तपासणी स्वेच्छेने हवी असं आणावं लागलं.

आज इथे प्रत्येक नवजात बाळाची तपासणी होते, सगळ्या राज्यांत, जात-वंश न बघता. त्यामुळे कुणावर बोट दाखवायला जागा राहत नाही. माझ्या मते खरा धडा इथे आहे, ठरावीक लोकांनाच रांगेत उभं केलं की शिक्का बसतोच.

आंबटगोड :
धागा वाचून वाईट वाटलं. पण एक साधा उपाय कुणीच का बोलत नाहीये? आंतरजातीय लग्नं करा, प्रश्नच मिटला. जातीत लग्न करतो म्हणून तर हे आजार टिकून राहिलेत.

पळसफूल :
आंबटगोड, तत्त्व म्हणून मान्य, शक्यता कमी होते. पण मिटत नाही. नागपूरकडे हा आजार फक्त आदिवासींत नाही हो, गोंड, माडिया, परधान यांच्यात आहे तसाच बौद्ध समाजात भरपूर आहे, कुणबी तेली यांच्यातही सापडतो. इथे आंतरजातीय लग्न केलं तरी दोघं वाहक निघू शकतात. मुंबईला सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यात थॅलेसेमिया आहे, लॅबवाल्यांनी वर सांगितलंच दोन्ही एकत्र आले तर काय होतं. तपासणीला पर्याय नाही.

आणि यातूनच माझी दुसरी तक्रार. मिशनचा भर आदिवासी जिल्ह्यांवर. मग उत्तर नागपूरच्या वस्त्यांमधल्या पोरांचं काय? नागपूरला संपत रामटेके यांच्यासारख्या माणसांनी रुग्णांसाठी आयुष्य घातलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागात अनेक वर्षं यावर काम केलं, त्यांना २०१९ ची पद्मश्री. एवढी परंपरा असलेल्या राज्यात अजून 'हा आदिवासींचा आजार' हे वाक्य ऐकू येतं.

गवतीचहा :
सक्तीबद्दल. बाहेरची उदाहरणं बघायची तर सायप्रसची बघा. तिथे थॅलेसेमिया इतका होता की सगळा रक्तसाठा त्यातच जाईल अशी भीती होती. तिथलं चर्च लग्नाआधी तपासणी केल्याचा दाखला मागतं. लक्षात घ्या, दाखला तपासणी आणि सल्ला घेतल्याचा, निकाल काय आला त्यावर लग्न अडवत नाहीत. बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्नं केलीच आणि पुढे गर्भाची तपासणी करून घेतली. नवीन रुग्ण बाळं जवळजवळ बंद झाली.

उलट ग्रीसमधलं ऑर्खोमेनॉस गाव. सत्तरच्या दशकात तिथे घरोघर सिकलची तपासणी केली, लोकांना सांगितलं की वाहकाने वाहकाशी लग्न करू नका. काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं तर वाहक-वाहक जोडपी योगायोगाने व्हायला हवी तेवढीच झालेली, वर वाहकांना नावं ठेवणं सुरू, ठरलेली लग्नं मोडलेली, काहींनी माहिती लपवलेली. तिथेही ठरवून लग्नं व्हायची बरं का. मला आपल्याकडे ऑर्खोमेनॉस होताना दिसतंय.

सौदीत २००४ पासून लग्नाआधी तपासणी सक्तीची आहे, तरी जुळत नसलेली कितीतरी जोडपी लग्न करतातच, कारण तोवर हॉल बुक झालेला असतो, पत्रिका वाटून झालेल्या असतात.

शंकासुर_पुणे :
गवतीचहा, उत्तम प्रतिसाद. हेच म्हणत होतो मी, फक्त इतकं नीट नाही. नंदुरबारी, माहिती पेशंटच्या उपयोगाला पेशंटच्या संमतीने फिरणार असेल तर माझी हरकत नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाहकांची यादी टाकतात त्याला आहे. (हो, असं झालेलं मी ऐकलंय. कुठे ते लिहीत नाही.)

लाल_मिरची_भिवापुरी :
इतका वेळ वाचत होतो. मी एसएस आहे. वय तिशीच्या पुढे, नोकरी करतो, लग्न झालंय, एक मुलगी आहे, वाहक आहे, मजेत आहे.

सगळ्यांचा हेतू चांगला आहे हे माहीत असूनही सांगतो, अख्ख्या धाग्यात माझ्यासारखी माणसं जन्मू नयेत याचीच चर्चा चाललीय. निर्मूलन, निर्मूलन. पोस्टरवर लिहितात 'सिकलसेल हटवा' आणि ते पोस्टर मी ज्या ओपीडीच्या बाकावर बसलोय त्याच्याच वर लावलेलं असतं.

क्रायसिस म्हणजे काय ते सांगतो. थंडी सुरू झाली की रात्री मांडीच्या हाडात आतून सुरू होतं, कुणी स्क्रू पिळल्यासारखं, पाय हलवला तरी ओरडावं वाटतं. पोराठोरांचे हाताचे पंजे सुजतात. इमर्जन्सीत गेलं की नवा डॉक्टर बघतो, बाहेरून काही दिसत नाही, म्हणतो नाटक करतोय, इंजेक्शनची सवय लागलीय. हे मला एका मोठ्या दवाखान्यात तोंडावर ऐकवलंय. हायड्रॉक्सियुरिया रोज घेतो तेव्हापासून अ‍ॅडमिट व्हायची वेळ फार क्वचित येते. साधी कॅप्सूल आहे, नवीन नाही. पण तालुक्याला गेलं तर 'स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या'. मग पुढच्या आठवड्याची मजुरी बुडवून परत जा. मला विकत परवडते, माझ्या गावातल्यांना नाही.

तिकडे २०२३ च्या शेवटी इंग्लंड अमेरिकेत जीन एडिटिंगच्या उपचाराला मंजुरी मिळाली, किंमत बावीस लाख डॉलर. पेपरात फोटो आला, मित्रांनी फॉरवर्ड केला 'भाऊ तुझं काम झालं'. अरे आधी कॅप्सूल द्या मला वेळेवर.

लग्नाचं विचाराल तर बायकोला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि तिची तपासणी करून घेतली. एए निघाली. एसएस आणि एए असेल तर सगळी मुलं वाहक, रुग्ण एकही नाही. तिच्या घरच्यांना हे पटवायला एक डॉक्टर मॅडम स्वतः येऊन बसल्या, तासभर. मला वाटतं ते जमून आलं ते त्या तासाभरामुळे.

वैनगंगा :
दादा, मनापासून नमस्कार. पोस्टरचं आमच्या मीटिंगमध्ये सांगते.

खमंग_काकडी :
मिरचीभाऊ __/\__ शब्द नाहीत. मी वरती विनोदी सुरात विचारलं होतं, तो सूर इथे नको होता.

हिवाळी_अधिवेशन :
जरा अवघड प्रश्न विचारते. माझं लग्न झालंय, दोघंही एएस आहोत हे गरोदरपणाच्या तपासणीत कळलं, नववा आठवडा आहे. सासरी म्हणतात देवावर सोड. डॉक्टर घाईत होत्या, म्हणाल्या "बघू". काय करू?

लॅबवाला :
ताई, थांबू नका, वेळेचं महत्त्व आहे. आधी दोघांची एचपीएलसी झालीय ना ते बघा, नसेल तर या आठवड्यातच करा, नुसत्या सोल्युबिलिटीवर पुढे जाऊ नका. मग जेनेटिक्स किंवा फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांना भेटा. साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाचा पॅटर्न कळतो, ती वेळ हुकली तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून. गर्भलिंगनिदान कायद्याची भीती कुणी घातली तर ऐकू नका, हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी त्याच कायद्याने मान्य केलेली आहे, फक्त केंद्र नोंदणीकृत हवं. नागपूर मुंबईत सोय आहे. दोघांनाही डीएनए तपासणीसाठी रक्त द्यावं लागेल, म्हणून नवऱ्याला सोबत न्या, एकट्या जाऊ नका.

लाल_मिरची_भिवापुरी :
आणि ताई, निकाल काहीही आला तरी पुढचा निर्णय तुमचा दोघांचा. सासूचा नाही, डॉक्टरचा नाही, माझा तर मुळीच नाही. बाळ एसएस असेल आणि ठेवायचं ठरवलंत तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा, पहिल्या वर्षात काय काय करायचं ते सगळं सांगतो. पहिल्या दिवसापासून माहीत असणं आणि आठव्या वर्षी कळणं यात फार अंतर आहे.

हिवाळी_अधिवेशन :
धन्यवाद दोघांनाही. नवरा तयार आहे. सोमवारी निघतोय.

नंदुरबारी :
ताई काळजी घ्या. अवांतर, लाल मिरची भाऊ, दहावीच्या पोरासाठी जादा वेळेचं विचारायचं होतं, आमच्या पाड्यातला एक एसएस पेशंट यंदा बसतोय.

लाल_मिरची_भिवापुरी :
मिळतो, तासाला २० मिनिटं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागेल. प्रमाणपत्राला वेळ लागतो म्हणून आत्ताच अर्ज टाका, परीक्षेच्या तोंडावर नको. दिव्यांगत्वाचे टक्के कमी लावले तर अ‍ॅडमिट झाल्याची आणि रक्त चढवल्याची सगळी कागदं घेऊन परत जा, नुसता एचपीएलसी रिपोर्ट बघून कमीच लावतात. एसटीचा प्रवास पण मोफत आहे सिकलच्या पेशंटला, साध्या आणि निमआराम गाडीत, त्याला काय कागद लागतात ते डेपोत विचारा. आणि परीक्षेला पाण्याची बाटली आत नेऊ द्या म्हणून मुख्याध्यापकांकडून आधीच लिहून घ्या, माझ्या वेळी गेटवर काढून घेतली होती.